पट्ट्यांवरची मुलगी

अक्षर वेडंवाकडं दिसेल, सांभाळून घ्या. डाव्या हातानं लिहायची अजून सवय नाही.

निमित्त साधं होतं. धाकट्या बहिणीला अठरा पूर्ण झाली आणि तिला लर्निंग लायसन हवं होतं. मी नुकतीच बाहेर शिकून परतले होते. डोक्यात आदर्शांचं पोळं घोंघावत होतं. तिच्याकडून नियमांचं पुस्तक तीनदा घोकून घेतलं आणि भर दुपारी तिला परवाना कार्यालयात नेलं.

परीक्षेची खोली मागच्या अंगाला. बंद खिडकी, एकच संगणक, कुबट वास. तिथला कारकून सगळ्यांचा मामा. उमेदवाराच्या खांद्यावरून वाकून माउस स्वतःच फिरवायची त्याला सवय. त्यात लोभ नव्हता. जेवणाआधी रांग संपावी, एवढंच.

"तू नुसती बस, बाळ. पंधरा प्रश्न, चुटकीसरशी उडवतो."

"मामा, ती स्वतः देईल," मी म्हणाले. "नापास झाली तर होऊ दे."

"ताई, तुझी तत्त्वं डिकीत ठेव ना," बहीण पुटपुटली.

मामा हसला. "तुमचं लायसन काढलं तेव्हा कुठे होती ही तत्त्वं? याच खुर्चीत बसला होतात. याच हातानं पास केलं तुम्हाला."

ते खरं होतं. त्याची आजही लाज वाटते.

पहिला प्रश्न आला. चित्रात झेब्रा पट्टे, त्यांवर गणवेशातली मुलगी. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी. 'तुम्ही काय कराल?' मामानं 'थांबेन' दाबलं.

चूक.

पुन्हा तोच प्रश्न. मुलगी जरा जवळ आली होती. 'हॉर्न वाजवीन.' चूक. आणखी जवळ. 'वेग वाढवीन.' चूक. खोलीत जळक्या रबराचा वास पसरला.

"हा प्रश्न... यादीत नाही," मामा कुजबुजला.

"मामा, हात काढा."

"निघत नाहीये गं..."

चौथ्यांदा पट्टे रिकामे होते. आमच्या मागे फरशीवर बूट वाजला. टक. मग अनवाणी पाऊल. मग पुन्हा टक.

मामानं वळून पाहिलं नाही. "शाळेसमोरची..." त्याचे डोळे पडद्यावरच होते. "त्या पोरानं उडवलं गं तुला... मी फक्त त्याची परीक्षा..."

वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज आला.

"या हातावरून गाडी गेली आहे," दवाखान्यात मामाला तपासून डॉक्टर म्हणाले. हाडांचा भुगा झाला होता. मनगटापासून बोटांपर्यंत टायरची नक्षी उमटली होती. माउसला साधा चराही नव्हता.

परतताना बहिणीनं हळूच विचारलं, "ताई... तुझी परीक्षा त्यांनीच दिली होती ना?"

मी गाडी चालवणं सोडलं. महिन्याभरानं बहीण स्वतः परीक्षा देऊन पास झाली. तिला ती मुलगी दिसली नाही. मग मीही माझं जुनं लायसन परत केलं आणि त्याच खुर्चीत बसले. त्या मुलीचा राग मला न्याय्य वाटत होता. भीती होती ती त्याचीच.

चौदा उत्तरं बरोबर आली. पंधराव्या चित्रात पट्टे होते. रिकामे. मी 'थांबेन' दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

मी थांबले.

टेबलाखाली पायाला काहीतरी लागलं. वाकून पाहिलं. लहान मुलीचा एक बूट. आतून अजून ऊबदार.

मी उजवा हात माउसवरून उचलायला गेले...

निघेना.