आतून पुसलेली काच

विपुलने बोट घेतली तेव्हा पेणमध्ये लोकांना हसायला आयतं निमित्त मिळालं. मिठागरवाल्याचा नातू, गाड्यांच्या धंद्यात चांगलं बस्तान बसलेलं, घरबसल्या जिताडा खायचा सोडून हा तो धरायला समुद्रावर जाणार! पण विपुलच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते निघत नसे. त्याच्या गाड्यांना मागे थंड कप्पा होता. बंदरांवरून मासळी उचलायची आणि मुंबईला पोचवायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं. दुसऱ्यांनी धरलेले मासे वाहून वाहून त्याला एक दिवस वाटलं की आपणही गळाला एखादा लावून बघावा, आणि त्या दिवसापासून तो कामातून गेला.

बोट फायबरची, लहानशी. पुढच्या बाजूला माणूस ताठ उभा राहील एवढी बंद केबिन, चारी बाजूंना काचा, मागे सरकतं दार, आत स्टिअरिंग आणि इंजिनाचा लिव्हर. केबिनच्या मागे मोकळा डेक. दिघीच्या धक्क्यावर कोळ्यांच्या होड्यांमध्ये ती उभी राहिली की पानाच्या गादीसारखी दिसायची, म्हणून सगळे तिला ‘टपरी’ म्हणत. विपुलला त्याचं काही वाटत नसे. खाडीच्या तोंडातून बाहेर पडून जंजिरा मागे टाकला की नैऋत्येच्या वाऱ्यावर लाटा नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, आपटायला लागतात. उघड्या होडीतली माणसं तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली असतात, आणि टपरीतला माणूस आत उभा राहून कोरड्या हाताने चहा पीत असतो.

हा कोरडा माणूस बहुतेक वेळा हिरामण असायचा. हिरामण दिघीचाच कोळी. मोठ्या मच्छीमार बोटीवर तांडेल म्हणून, बोट हाकण्यात, त्याचं आयुष्य गेलेलं. पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने ती बोट सोडली आणि विपुलची टपरी सांभाळायला घेतली. पहिल्याच पावसाळ्यानंतर एका आडव्या लाटेने विपुलला डेकवरून उचललं होतं. हिरामणने इंजिन सोडून, दारातून अर्धं अंग बाहेर काढून त्याला कॉलरला धरून आत ओढलं. त्यावर दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत.

विपुलचा धंदाच संशयाचा. ड्रायव्हर डिझेल काढतो, क्लीनर मासळी बदलतो, गाडी ढाब्यावर उभी असते आणि फोनवर मात्र टोलनाक्याला पोचलेली असते. प्रत्येक गाडीला यंत्र लावून हा माणूस घरी बसून त्यांच्यावर डोळा ठेवायचा, आणि बायकोने भाजीवाल्याशी दोन मिनिटं जास्त घासाघीस केली तरी काय ठरलं म्हणून विचारायचा. अशा माणसाच्या आयुष्यात हिरामण एकटाच असा होता की ज्याच्यावर डोळा ठेवावा लागत नव्हता. बोटीचा खरा आनंद मासे नव्हता, हा होता. विपुलला ते पक्कं ठाऊक होतं.

दोघांची कामाची एक पद्धत बसली होती. हिरामण आत स्टिअरिंगवर, विपुल मागे डेकवर गळ घेऊन. वाऱ्यात हाक आत पोचत नाही, म्हणून केबिनच्या मागच्या भिंतीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे गिअर काढ. दोन थापा म्हणजे पुढे घे. मोठा मासा लागला की तो बोटीखाली पळतो, आणि गिअर वेळेत निघाला नाही तर गळाचा दोर इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात जाऊन मासाही जातो आणि पंखाही. त्यामुळे मासा लागायचा अवकाश, विपुलचा हात आपोआप भिंतीकडे जाई.

गणपती झाल्यानंतरची गोष्ट. विपुल सकाळी दिघीला आला. हिरामण अजून यायचा होता. बोटीच्या काचा बाहेरून कोरड्या होत्या, पण पुढच्या काचेवर धुकं धरलेलं दिसलं. विपुलने काचेवर हाताचं बोट फिरवून पाहिलं. धुकं आतून होतं.

कोणी दुसरा असता तर त्याला काही वाटलं नसतं. पण थंड कप्प्यांवर पोट असलेल्या माणसाला काचेवर धुकं कोणत्या बाजूने आणि कशाने धरतं ते शिकवावं लागत नाही. जिकडे उबदार, ओली हवा, तिकडे धुकं. आणि हे काही सगळ्या काचांवर नव्हतं. फक्त स्टिअरिंगच्या समोर, तोंडाच्या उंचीला, श्वासाने धरावं तसं, ताटाएवढं. त्याच्या मधोमध तळहाताने पुसल्यासारखा एक पट्टा स्वच्छ होता.

दाराला कुलूप होतं. चावी हिरामणकडे.

‘झोपत असेल आत,’ विपुलने स्वतःची समजूत घातली, आणि ते त्याला झोंबलं. झोपायला हरकत नव्हती. सांगितलं का नाही?

हिरामण आला. त्याने कुलूप उघडलं, काच बघितली, खांद्यावरच्या फडक्याने पुसली आणि इंजिन चालू केलं.  विपुलने इंजिनाचे तास दाखवणारा काटा पाहून ठेवला. काटा मागच्या खेपेला होता तिथेच होता. म्हणजे बोट बाहेर गेलेली नव्हती. उलट त्याने कोडं वाढलं. कोणी धक्क्याला बांधलेल्या बोटीत स्टिअरिंगसमोर उभं राहून समोर बघत का राहील?

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

विपुलने मग आपल्या आजोबांच्या अकलेचा आधार घेतला. मिठागरातल्या माणसाला हवेतली ओल मोजायला यंत्र लागत नाही. त्याने पसरट पातेल्यात कोरडं खडेमीठ घातलं आणि केबिनमध्ये ठेवलं. आत ओल असेल तर मीठ पाणी सोडेल, आणि धुकं नुसत्या दमट हवेचं ठरेल. त्याला ते तसं ठरायला हवं होतं. शिवाय त्याने कुलूप बदललं आणि नव्या चाव्या पेणला नेल्या. हिरामणला सांगितलं, जुनं गंजलं होतं. हिरामणने नव्या कुलपाकडे पाहिलं आणि “व्हय का,” एवढंच म्हणाला.

आठवड्याने विपुल आला. कुलूप जागच्या जागी. मीठ खडखडीत कोरडं. काचेवर धुकं, मधला पट्टा नुकताच पुसलेला. त्याच्या कडेने पाण्याचा एक थेंब अजून खाली घरंगळत होता.

विपुल दोन पावलं मागे सरला. पण भीतीपेक्षा संशय त्याच्या ओळखीचा होता, म्हणून त्याने संशयच पकडला. केबिनच्या छपराला हवेसाठी झडप होती, तिच्यातून हात जात असेल. दुसरी चावी करून घेतली असेल. दिघीच्या धक्क्यावर काय होत नाही?

“दादा, खरं सांगा,” हिरामण आल्या आल्या तो म्हणाला. “माझ्यामागे बोटीत कोण बसतं?”

“म्हंजे?”

“आत माणूस असतो. मला कळतं ते. चावी केलीत का दुसरी?”

 हिरामण हळूहळू तांबडा झाला. धक्क्यावर जाळी विणत बसलेली दोघं-तिघं मान खाली घालून ऐकत होती, आणि ते विपुलच्या आधी हिरामणच्या ध्यानात आलं.

“तुमी नसताना मी त्या टपरीत पाय टाकीत न्हाय, शेट,” तो म्हणाला. “बाहेरून दोऱ्या बगतो नि जातो. घरी माज्या सगुणाला इचारा. गावाला इचारा.”

“मग काच कोण पुसतं?”

“त्ये मला कशाला इचारता? बोट तुमची हाय.”

विपुलला तिथेच थांबता आलं असतं. तो थांबला नाही. “आज मी एकटाच जातो,” म्हणाला.

हिरामणने खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. बाहेर लाटांवर पांढरा फेस दिसत होता. “वारा चडतोय. ह्ये एकट्याचा काम न्हाय. माज्यावर रागवा, पन जाव नका.” विपुलने दोऱ्या सोडल्या. परतून पाहिलं तेव्हा हिरामण तसाच उभा होता.

समुद्रातल्या पद्मदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या खडकांवर तांब मासा मिळतो. विपुल तिथे पोचला तेव्हा लाटा छातीएवढ्या होत्या. एकट्या माणसाने करू नये ते त्याने केलं: नाळ लाटांकडे राहावी म्हणून इंजिन अगदी हळू पुढच्या गिअरमध्ये ठेवलं, केबिनचं दार उघडं सोडलं आणि मागे डेकवर जाऊन गळ टाकला. मनात सारखा हिरामण होता. आपण बरोबर आहोत, असं तो स्वतःला बजावत होता, आणि जितकं बजावत होता तितकं ते पटेनासं होत होतं.

मासा लागला तो असा की रॉड हातातून निसटता निसटता राहिला. दोर सरळ बोटीखाली, पंख्याकडे धावला.

विपुलने डावा हात मागे नेला आणि केबिनच्या भिंतीवर एक थाप मारली.

टक्. गिअर निघाला.

पंखा थांबला. दोर मोकळा बाजूने बाहेर आला. विपुलने दोन वेळा रीळ फिरवलं, आणि मग त्याचे हात थांबले.

थाप ऐकायला आत कोणी नव्हतं.

लिव्हर धक्क्याने सरकला असेल, त्याला वाटलं. लाटेने. त्याने मान वळवली. दार त्याने उघडं सोडलं होतं. आता ते लागलेलं होतं. मागची काच आतून पांढरी झाली होती, अख्खी.

त्याने दाराला हात घालून ओढलं. दार हललं नाही. त्याने पुन्हा ओढलं नाही.

गिअर नसलेली बोट हळूहळू वळली आणि लाटांना आडवी झाली. पहिली लाट गुडघ्यापर्यंत आली. दुसरीने त्याला पाडलं, रॉड गेला, खांदा कठड्यावर आपटला आणि उजवा हात उचलेना. पाऊस सुरू झाला. खडक आता उजवीकडे होते, आणि मघापेक्षा जवळ.

काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. ते करायचं नव्हतं.

तिसरी लाट येताना दिसली.

विपुलने डाव्या हाताने भिंतीवर दोन थापा मारल्या.

इंजिन घुमलं. नाळ फिरली, वर चढली, लाट फोडून पलीकडे उतरली. मग बोटीने मोठा वळसा घेतला आणि ती दिघीकडे निघाली. ती खूण त्यांच्यात नव्हती. परत चल, असं विपुलने सांगितलंच नव्हतं.

वाटभर तो डेकवर बसून राहिला, कठड्याला हात गुंडाळून, केबिनकडे पाठ करून. प्रत्येक लाटेला आतला हात इंजिन थोडं कमी करी आणि लाट गेली की वाढवी. विपुलला हे कधी जमलं नव्हतं. त्याला रडू येत होतं. हिरामणने यातलं काही केलेलं नाही, हे एवढं आता त्याला कळलं होतं. धक्क्यावर पोचलो की सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची, पाय धरायची वेळ आली तरी धरायचे. त्याच्याशिवाय पुन्हा या पाण्यात उतरायचं नाही. तो तेवढंच धरून बसला.

पाऊस थांबला तेव्हा जंजिरा मागे गेला होता. आगरदांड्याहून येणाऱ्या फेरीबोटीला वाट देऊन बोट खाडीत शिरली आणि धक्क्याला इतकी अलगद लागली की कडेला टांगलेला टायरसुद्धा वाजला नाही. गिअर निघाला. इंजिन बंद झालं.

हिरामण तिथेच होता. दुपारभर हलला नसावा. विपुलने डाव्या हाताने दोर फेकला, त्याने झेलून बांधला.

“दादा, माझं चुकलं,” विपुल म्हणाला.  “चारचौघांत बोललो. उद्यापासून चावी तुमच्याकडे. तुम्ही नसाल तर मी नाय जाणार.”

“कशाला, शेट?” हिरामण म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. “माणूस ठेवलाव तर सरळ सांगायचा व्हता. चोर कशाला केलाव मला?”

“कुठला माणूस?”

“मी काय आंदला हाय? खाडीच्या तोंडापासून बगतोय. तुमी मागं बसलेलं, त्यो पुडं. काच पुसून पुसून बगत व्हता. हाताचा चांगला हाय. येवडी हलकी मीबी लावली न्हाय कदी.”

विपुलला मागे वळून बघायचं होतं. मान वळली नाही. “आत कोण नाय, दादा,” तो म्हणाला. “आईशप्पथ कोण नाय.”

हिरामणने त्याच्याकडे पाहिलं. विपुल स्वतः ड्रायव्हरांकडे तसं पाहायचा, गाडी टोलनाक्याला पोचली म्हणून ते सांगत तेव्हा. “बरा,” हिरामण म्हणाला. “तुमी म्हनता तसा.”

त्याने दोराची गाठ एकदा ओढून पाहिली आणि खांद्यावरचं फडकं झटकलं. निघता निघता तो केबिनच्या पुढच्या काचेसमोर थांबला आणि एका तांडेलाने दुसऱ्याला करावी तशी मान हलवली. क्षणभर तिथेच उभा राहिला. मग समोरच्याने ओळख दिल्यावर माणूस हसतो, तसा किंचित हसला आणि घराकडे चालू लागला.