रावेरचा जिवाणू

रावेरच्या सहकारी किण्वन-प्रयोगशाळेत डॉ. इंदुमती भारंबे यांनी इंधन-कंपनीचा आदेश दोनदा वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. घड उतरल्यावर उरणाऱ्या केळीच्या खांबांचा लगदा खाऊन ब्युटेनॉल बनवणारा जिवाणू त्यांनी नऊ वर्षे जोपासला होता. त्याच इंधनावर तालुक्याचे पंप आणि रुग्णालयाचे जनित्र चालत असे. आता त्याचे हक्क कंपनीकडे गेले होते. जुना साठा नष्ट करायचा आणि पुढे जिवाणूचे विरजण कंपनीकडूनच आणायचे, असा हुकूम होता.

"टाकीची झडप उघडा, मॅडम," कंपनीचे सूक्ष्मजीवतज्ज्ञ कर्णिक म्हणाले. "हवा लागली की हा जीव टिकत नाही."

"मी उघडणार नाही. आणि अर्धवट सांगू नका. हवेने वाढत्या पेशी मरतात, बीजाणू मरत नाहीत. भोवती आम्ल साचलं की हा ब्युटेनॉलसारखे विद्रावक बनवायला लागतो आणि कवच विणून, बीजाणू होऊन झोपतो."

"म्हणूनच वाफ आणली आहे."

कर्णिकांनी स्वतः टाकीत एकशे एकवीस अंशांची वाफ सोडली. शीतपेटीतल्या साठ्याच्या कुप्याही वाफेतच गेल्या. इंदुमती जागच्या हलल्या नाहीत.

"संपलं," कर्णिक म्हणाले.

"टाकीतला गाळ कुठे जायचा, ते विचारलं नाहीत. नऊ वर्षं तालुक्यातल्या शेताशेतांत जातोय. खत म्हणून."

कर्णिक टाकीकडून वळले. "मातीत त्या बीजाणूंचा ब्युटेनॉल बनवायचा गुण उरणार नाही. आमच्या अखंड चालणाऱ्या टाक्यांत पिढ्या वाढता वाढता तो गळूनच गेला."

"कारण तुम्ही त्यांना कधी झोपू दिलं नाहीत. विद्रावक बनवणं आणि बीजाणू होणं, दोन्ही एकाच जनुकवलयावर, पेशीतल्या जनुकांच्या सुट्या कड्यावर, अवलंबून आहे. वलय गळलं की दोन्ही जातं. म्हणजे आमचा जो बीजाणू होऊन मातीत टिकला, त्याच्याकडे ते वलय आहेच."

इंदुमतींनी शेजारच्या, गाळ घातलेल्या केळीच्या बागेतली मूठभर माती आणली, पाण्यात कालवून ऐंशी अंशांवर दहा मिनिटे ठेवली. जागे होते ते मेले, झोपलेले उरले. तेवढे त्यांनी हवाबंद लगद्यात सोडले. कर्णिकांना त्यांना अडवता आले असते, पण ते पाहत राहिले. तीन दिवस रावेरलाच थांबले. आधी बुडबुडे आले, मग खवट वास, आणि तिसऱ्या दिवशी ब्युटेनॉलचा तो उग्र दर्प.

तेवढ्यात मुख्यालयाचा फोन आला. "जिवाणू नष्ट झाला का?"

इंदुमतींनी कर्णिकांच्या हातातून फोन घेतला.

"टाकीतला झाला. सात हजार एकर माती बाकी आहे. वाफ तेवढी जास्त पाठवा."