पाच नंबरचा कॅमेरा

कसम खाऊन सांगतो, हे कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथे होतो. खोटं वाटलं तर वाटू द्या.

मी मुज्तबा, राहणार नांदेड. सीसीटीव्हीचं काम करतो.

जून २०१८. लातूर. बुधवार, दुपारचे अडीच.

ट्यूशनच्या भागात बसलिंगप्पांचं मुलींचं हॉस्टेल आहे. अप्पा सत्तरीचे, एकटेच राहतात. गेट, जिना, मेस, गच्ची असे चार कॅमेरे आधीच होते. नीट परीक्षेच्या तयारीसाठी नव्या मुली यायच्या होत्या. बाहेरगावी असलो तरी पोरी मोबाईलवर दिसल्या पाहिजेत, असं अप्पांचं म्हणणं.

रेकॉर्डर आठ कॅमेऱ्यांचा. मी तो राउटरला जोडला, आयपी टाकला, पासवर्ड बदलला, घड्याळ इंटरनेटवरून लावलं. अप्पांच्या फोनमध्ये ॲप घेतलं आणि रेकॉर्डरचा कोड स्कॅन केला.

चार चौकोन उघडले.

मग... पाचवा.

मी रेकॉर्डरच्या मागे वाकून बघितलं. पाचव्या जागी वायरच नव्हती. समोरच्या टीव्हीवरही तो चौकोन काळाच होता. चित्र फक्त फोनवर.

दगडी भिंती. वर मातीचं माळवद. कोपऱ्यात बारीक केलेला कंदील. गोधडीवर एक बाई, तिच्या कुशीत लहान मुलगी. दोघी झोपलेल्या.

चार चौकोनांवर वेळ होती १४:४१.

पाचव्यावर... ०३:४९.

दुसऱ्या कुणाचा कॅमेरा चुकून जोडला गेला असेल, असं वाटलं. मी रेकॉर्डरचा स्विच बंद केला.

चार चौकोन गेले.

पाचवा राहिला.

अप्पांनी फोन हातातून घेतला.

"ही शिवकांता हाय," ते म्हणाले. "माझी बायको. अन् ही शरणम्मा."

त्यांचं घर भूकंपात गेलं, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी तेव्हा सांगितलं. किल्लारीकडचं गाव. त्या रात्री ते बैल बघायला अहमदपूरला गेले होते, तिथेच मुक्काम केला. सकाळी परतले तर गावच नव्हतं.

"किती वाजले तिथं?"

"तीन बावन्न."

"म्हंजे चार मिनिटं हायेत."

कशाला, ते विचारावं लागलं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपाची ती वेळ, तीन छप्पन्न, आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे.

आवाज जातो का, असं अप्पांनी विचारलं. ॲपमध्ये माइकचं बटण असतं. पण तिकडे स्पीकर कुठला असणार? तरी मी ते दाबलं. दुसरं काय करणार?

अप्पा ओरडले नाहीत. घरातल्या माणसाला उठवतात तसं म्हणाले, "शिवकांता, ऊठ. भायेर ये."

काहीच नाही. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

मग... बाईने डोळे उघडले.

ती उठून बसली. दाराकडे बघितलं, कुणी बाहेरून हाक मारल्यासारखं. कडी काढली आणि बाहेर गेली.

"गेली. भायेर गेली," अप्पा रडत म्हणाले.

गोधडीवर मुलगी तशीच झोपलेली.

०३:५५.

अप्पांचं तोंड उघडं होतं, पण शब्द फुटेना. मी त्यांचा खांदा हलवला. पोरीला हाक मारा म्हटलं. शेवटी मीच फोन घेऊन शरणम्माचं नाव घेतलं. दोनदा. तीनदा.

ती हलली नाही. माझा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

तेवढ्यात दारात शिवकांता दिसली. पोरीसाठी आत धावत येत होती.

०३:५६.

चित्र हललं... आणि काळं झालं.

मी रेकॉर्डर पुन्हा चालू केला. चार चौकोन. चारही घड्याळं बरोबर.

मग अप्पांनी सांगितलं. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी जवानांनी दगड काढले, तेव्हा शिवकांता उंबऱ्यावर सापडली. तोंड घराकडे. सगळं गाव झोपेत गेलं, मग हीच का उठली होती? पंचवीस वर्षं ते हेच विचारत होते.

मी ॲप काढून टाकलं आणि नांदेडला आलो.

आठव्या दिवशी अप्पांचा फोन आला.

"मुज्तबाभाई, परत जोडून द्या. ह्या टायमाला मी आधी पोरीला हाक मारतो."

मी दोनदा जाऊन जोडून दिलं. चारच चौकोन उघडतात. अप्पा फोन तोंडाजवळ धरून बसतात. मी नुसता शेजारी बसतो.

परवा पुन्हा बोलावलंय. जावं लागणार.

पण खरं सांगू... पाचवा चौकोन उघडला तर काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.