डोक्यावरची रेघ

शाईपेनच्या स्टब आणि इटॅलिक निबांतला फरक मी गिऱ्हाइकांना टेबलाच्या कोपऱ्यावरून समजावतो. दोन्ही निबांचं टोक रुंद आणि सपाट. उभी रेघ जाड येते, आडवी बारीक. पण इटॅलिकचे कोपरे नव्या टेबलासारखे धारदार असतात, जरा वाकडं वळलात की मांडीला लागलेच म्हणून समजा. स्टबचे कोपरे घासून गोल केलेले. हात थोडा तिरका पडला तरी ती चालवून घेते. देखणेपण इटॅलिकचं, सोय स्टबची. निब घासून देण्यात माझे केस पिकले, आणि मला विचाराल तर माणसानं स्टब वापरावी आणि सुखानं जगावं.

माझ्या बायकोचं मत नेमकं उलटं. ती मानपत्रं, प्रशस्तिपत्रकं, दारावरच्या पाट्या लिहायची. दुकानावरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी तिचं उतरतं टेबल होतं.

"स्टबनं लिहिणं म्हणजे चमच्यानं कांदा चिरणं," ती म्हणायची.

"आणि इटॅलिकनं लिहिणं म्हणजे खाष्ट सासूच्या हाताखाली नांदणं. कोन चुकला की खरडलंच."

"मग माणसानं कोन चुकवू नये."

या भांडणावर आमचा संसार छान चालला होता.

ते काळं पेन बंद पडलेल्या एका स्टेशनरी दुकानाच्या जुन्या मालात आलं. त्यावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. निब इटॅलिक, आणि इतकी नेटकी की भिंगातून पाहताना ती घासणाऱ्याचा मला हेवा वाटला. मी ते कौतुकानं बायकोला दाखवलं. मग ते पेन कसलं परत मिळतंय!

त्या पेननं तिनं पहिल्यांदा लिहिलं ते आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांचं मानपत्र. तिची पद्धत अशी की नावाची सगळी अक्षरं आधी काढायची आणि डोक्यावरची रेघ शेवटी, एका दमात ओढायची. मानपत्रातला सगळा मजकूर झाला. ग्रंथपालांच्या नावावर मात्र रेघ उमटेना. तिनं पुन्हा ओढली. कागदाला चर पडला, पण शाई उतरली नाही. अक्षरं तशीच बोडकी राहिली.

"अहो तज्ज्ञ, बघा जरा तुमच्या पेनला काय झालंय."

मी बघितलं. आडवी रेघ इटॅलिकची दुखरी बाजू असते. हात जरासा कलला की एक कोपरा उचलला जातो आणि शाई तुटते. मी तसं सांगितलं, आणि तिनं दुसऱ्या पेननं रेघ पुरी केली. समारंभाला ग्रंथपाल आले नाहीत. त्या सकाळी ते झोपेतून उठलेच नव्हते. वय झालं होतं त्यांचं, आम्ही दोघांनीही तेच म्हटलं.

मग शिंपी. त्याचं दुकान आमच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे. दिवसभर त्याच्या मशीनची खडखड आमच्या खिडकीतून आत यायची. त्याला दारावर लावायला नवी पाटी हवी होती, आणि बायकोचा हिवाळी कोट त्याच्याकडे उसवून पडला होता. "आधी कोट, मग पाटी," असं ती त्याला रोज खिडकीतून ओरडून सांगायची. शेवटी तिलाच दया आली. तिनं त्याचं नाव लिहिलं, रेघ ओढली, आणि पेन हळूच खाली ठेवलं.

मी येऊन पाहिलं. कोरडा चर.

समोर मशीन चालू होती. दुपारी आम्ही जेवत असताना ती खडखड एकदम थांबली आणि मग रस्त्यावर माणसांची धावपळ ऐकू आली. शिंपी मशीनवरच डोकं टेकून गेला होता. कोट त्याच्या मांडीवर होता.

मी हिशेबी डोक्याचा माणूस आहे. बायको शिंप्याच्या घरी गेली तेव्हा मी दार लावून घेतलं आणि ते पेन तपासलं. माझं नाव लिहिलं. रेघ सुरेख आली. शेजारच्या औषधवाल्याचं लिहिलं, आली. मग माझ्या वडिलांचं, आईचं, दोघं केव्हाच गेलेले. एकावरही नाही. कागद बदलला, शाई बदलली, हाताचा कोन बदलला. तेच.

शेवटी बायकोचं नाव लिहिलं. लिहायला नको होतं, पण हात थांबला नाही. तीन अक्षरं लखलखीत उठली. रेघ आली नाही.

तिच्या पोटात अधूनमधून दुखत होतं. पित्त म्हणून ती गोळी घेऊन मोकळी व्हायची. मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. गाठ पसरली होती, कापून उपयोग नव्हता. बाहेर बाकावर ती माझ्या चेहऱ्याकडे बघत बसली होती आणि मला तिच्याकडे बघवेना. तिच्याशिवाय हे घर मला खायला उठलं असतं.

त्याच दुपारी मी ते पेन घासायला घेतलं.

इतक्या नेटक्या निबेवर दगड चालवताना कारागीर म्हणून लाज वाटत होती. पण इटॅलिकची आडवी रेघ तुटते ती कोपऱ्यांमुळे, आणि कोपरे गोल केले की तुटत नाही, हे मला पाठ होतं. थोडं घासलं, नाव लिहिलं. नाही. आणखी घासलं. टोकाचा टणक धातू जवळजवळ संपत आला तेव्हा तिच्या नावावर एक जाड, ओली, अखंड रेघ उमटली. मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो.

ती गेली नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली वेळ टळली. मी आनंदानं वेडा झालो होतो, म्हणून मला उशिरा कळलं. तिचं दुखणं तसूभरही कमी झालं नव्हतं. अन्न बंद झालं, मग पाणी. अंगावर मांस राहिलं नाही. हात लावला की ती ओरडायची, नाही लावला तरी कण्हायची.

डॉक्टर घरी आले. त्यांनी नळी छातीला लावली, मग थोडी बाजूला, मग पाठीला. बराच वेळ ठोका शोधत राहिले. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनी नळी पिशवीत ठेवली, माझ्याकडे पाणी मागितलं, ते न पिताच जिना उतरले. नंतर ते माझा फोन उचलेनासे झाले.

एका सकाळी तिनं पेन मागितलं. उशीवर कागद धरून स्वतःचं नाव लिहिलं आणि रेघ ओढली. रेघेची कडा बोटानं चाचपली.

"स्टब केलीत?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"मला विचारलं होतंत?"

"अगं, तू गेली असतीस."

"हो ना," ती म्हणाली. "धार लावून द्या परत."

धार लावायला टोकाला धातू लागतो. तो मी घासून टाकला होता. घासलेलं परत चिकटवता येत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ती रोज मागते. "धार लावा." दुसरं काही बोलत नाही.

आज मला ते ऐकवेना. मी पेन घेऊन दुकानात आलो. मनाशी म्हटलं, स्टब आहे ती, कुणाच्याही नावावर रेघ ओढेल. मेलेल्याच्या नावावरसुद्धा ओढेल. तसं झालं तर तिच्या नावावरच्या रेघेला काही अर्थ नाही, आणि माझ्या हातून काहीच घडलेलं नाही. आईवडिलांची नावं लिहायला हात धजेना.

शिंप्याचं लिहिलं.

रेघ आली. जाड, ओली, अखंड.

मला हायसं वाटलं. कागद दाखवायला मी तिच्या खोलीत गेलो. खिडकी उघडी होती, बाहेर लख्ख ऊन. समोरच्या दुकानाचं शटर शिंपी गेला त्या दिवसापासून खाली आहे, कुलूपही तेच.

आत मशीन चालू होती.

बायकोनं खिडकीकडे मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांवर हसू आलं.

"त्याला ओरडून सांगा," ती म्हणाली, "कोटाचं जुनं माप आता चालायचं नाही. येऊन नवीन घेऊन जा म्हणावं."

मी तोंड उघडलं नाही. तरी समोरची मशीन थांबली.