माझ्या आवाजातली कादंबरी

ज्यांना दिसत नाही अशा लोकांच्या वाचनालयासाठी मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. लाकडी अस्तर लावलेली बंद खोली, टेबल, माईक, पाण्याचा ग्लास आणि काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेला रेकॉर्डिस्ट. त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण मी अडखळलो की तो काचेवर पट्टी आपटतो.

तेव्हा एकटेपणावरच्या जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्यांचं काम चालू होतं. त्यातली एक होती एका कारकुनाची. भाड्याच्या खोलीत राहणारा, कुणात न मिसळणारा. आपण नेमके कोण, याचा छडा लावता लावता पार तुटत जाणारा.

"यापेक्षा पाककृतींचं पुस्तक द्या म्हणावं," मास्तर म्हणाला. "हे ऐकून ऐकून मला माझी बायको परकी वाटायला लागलीय."

मी हसलो. मला बायको नाही. दिवसभरात जे काही बोलतो, ते बहुतेक माईकसमोरच.

एके दुपारी त्याने आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. "काल कमाल केलीस. ऐक."

कारकून खिडकीशी उभा राहतो, तो प्रसंग. मी तो कोरड्या घशाने, कसाबसा उरकला होता. आता कानावर येणारा आवाज माझाच होता, पण निवांत. वाक्यांच्या मध्ये तो थांबत होता, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखा. एका ठिकाणी तो हलकेच हसला.

"इथं मी हसलो नव्हतो."

"मग काय मी हसलो?" मास्तर म्हणाला.

घरी जाऊन खोलीत येरझाऱ्या घालत मी तोच प्रसंग मोठ्याने वाचला. पुन्हा वाचला. तसा आवाज काही लागेना. आपल्याच आवाजाची नक्कल करायला बसलो होतो आणि तीही जमत नव्हती.

त्यानंतर रोज रेकॉर्डिंग अधिक रंगत गेलं आणि माझा घसा बसत गेला. दुकानदार "काय? काय?" करत काउंटरवरून पुढे वाकू लागला. दुखत काहीच नव्हतं. डॉक्टरने घशात टॉर्च मारून पाहिलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

मग ताईचा फोन आला. आमचं बोलणं क्वचित व्हायचं, झालं तरी दोन वाक्यांत आटपायचं.

"सर्दी झालीय का रे?" ती म्हणाली. "परवा तर किती छान बोलत होतास."

परवा मी तिच्याशी बोललोच नव्हतो. "हो, जरा सर्दीच," म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हे पुस्तक सोडतो म्हणून सांगायला निघालो. वाटेत पाय आपोआप भरभर पडत होते. पोचलो तर दारावरचा दिवा लागलेला. म्हणजे रेकॉर्डिंग चालू.

मी अलगद आत शिरलो. मास्तर डोळे मिटून ऐकत होता. स्पीकरमधून माझा आवाज येत होता. शेवटचं प्रकरण.

काचेपलीकडे माईकसमोरची माझी खुर्ची रिकामी होती.

"मास्तर, आत कोण आहे?"

तो वळला. माझ्याकडे त्याने नीट, सभ्यपणे पाहिलं.

"आपण कोण? रेकॉर्डिंग चालू आहे. जरा बाहेर थांबा."

आजवर त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी बाहेर पडलो आणि चालत सुटलो. वाटेत कुणाचा धक्का लागला की बरं वाटत होतं. दिवेलागणीला एका बाकावर टेकलो आणि ताईच्या घरचा फोन लावला.

"ताई, मी."

"मी कोण? नीट ऐकू येत नाहीये."

पुन्हा सांगितलं. घशातून नुसती हवा आली.

तिकडे भांडी वाजत होती. भाची खिदळत होती. "मामा, ते परत सांग ना!"

मग कुणीतरी गोष्ट सांगू लागलं. न अडखळता, मजेत. ताई हसली. माझ्या बोलण्याला ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

"मामा, फोन कुणाचा आहे?" भाचीने विचारलं.

"कुणी नाही गं," माझा आवाज म्हणाला, आणि ताईने फोन ठेवला.