साडेअकरा किलोमीटर

तुम्ही विचारलंत, पोरगी एवढी बारीक कशी. डॉक्टरही तेच विचारतात. सांगतो, पण जरा हळू बोलू. सुवर्णा आतल्या खोलीत तिला पाजते आहे, आणि पाजताना बाहेर कुणी मोठ्यानं बोललेलं तिला खपत नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. रस्ता रुंद करायचा ठरला की मशीन यायच्या आधी मी येतो. विहिरींचं पाणी बाटलीत भरायचं, रस्त्याचा आवाज यंत्रावर मोजायचा, गावकऱ्यांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या आणि कडेच्या प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर ठोकायचा. माझा अहवाल गेल्याशिवाय एक फावडंही पडत नाही. पण गावोगाव लोक माझ्याकडे असे बघतात, जणू कुऱ्हाड माझ्याच पिशवीत आहे. पाणी मागितलं तर म्हणतात, हापशी तिकडे आहे. मीही काही गोड माणूस नाही. दहा वर्षं शिव्या खाल्ल्या की माणूस आधीच दात विचकून उभा राहायला शिकतो.

यंदाच्या मे महिन्यात हायवेवरून बोथकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम माझ्याकडे होतं. रस्त्यालगतच्याच एका खेड्यात खोली घेतली होती. सुवर्णाला आठवा सरत आला होता. पहिलटकरीण, तिला माहेरी, भैंसा गावाला, जायचं होतं. मीच अडवलं. म्हटलं, सोमवारी अहवाल गेला की स्वतः नेऊन सोडतो. माझ्या जेवणाचे हाल होतील म्हणून अडवलं, दुसरं काही नाही. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवशी बारा वाजून गेले होते. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी शेतं, पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले. राजकुमार, आमचा ड्रायव्हर, गाडी सावलीत लावून डुलक्या काढत होता. मी तीनशे बाराव्या झाडाशी आलो. जुनी चिंच, दोघांच्या कवेत न मावणारी. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर घेतला, पत्रा काढला, आणि पिशवीत हात घातला तर खिळे संपलेले.

टेप सोडताना बोटाला काहीतरी लागलं. झाडात आधीच खिळे होते. एका ओळीत सात, लोहारानं घडवलेले, चौकोनी डोक्याचे, गंजून सालीत रुतलेले. मला बरंच वाटलं. हातोडीच्या चिमट्यात एक धरला आणि जोर लावला.

"ओ साहेब! हात लावू नोका!"

शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावरून एक म्हातारी ओरडत होती. ती देवकाबाई, हे नंतर कळलं. काठी टेकत ती माझ्याकडे यायला लागली. मी मनात म्हटलं, आली आणखी एक तक्रार. तिथूनच ओरडलो, "झाड तोडून नाही राह्यलो आजी, मोजून राह्यलो!" आणि खिळा ओढला.

तो सुटताना कुरकुर असा लांबलचक आवाज आला. भोकातून ओलसर वास आला, कुठल्याशा बंद खोलीत जुनं दूध नासावं तसा. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला, पण अंगावर काटा आला म्हणून काम थांबवणारा मी नाही. तोच खिळा वापरून जरा बाजूला पत्रा ठोकला आणि मान खाली घालून वहीत लिहायला लागलो.

"भाऊ... दवाखाना किती दूर राह्यला?"

बाईचा आवाज, झाडाच्या मागून, धाप लागलेला. असं कुणी ना कुणी दिवसभर विचारतंच असतं. हातात नकाशा धरलेला माणूस दिसला की लोकांना अंतरं आठवतात. शिवाय मला त्या रस्त्याचा मीटर न् मीटर पाठ. मी मानही वर केली नाही.

"बोथचा ना? साडेअकरा किलोमीटर."

"नेता काय?"

"गाडी तिकडंच जाणार हाय. बसा," मी म्हटलं. आता हसा. चिडचिडा माणूस, अख्ख्या महिन्यात एकदाच कुणाशी चांगला वागलो.

ओळ पूर्ण करून मान वर केली, तर झाडामागे कुणी नव्हतं. रस्ता दोन्हीकडे नजर पोचेल तिथपर्यंत मोकळा. देवकाबाई मात्र पोचली होती. तिनं आधी ते रिकामं भोक पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"तुमाले कोणी काही इचारलं काय?"

"एक बाई होती. दवाखाना किती दूर म्हणे."

"तुमी सांगतलं?"

मी मान हलवली. म्हातारी मटकन बुंध्याशी बसली. मग जे बोलली ते थंडपणे, माझ्याकडे न बघता.

"माही जाऊ होती, रेणुका. चाळीस वर्सं झाली. भर उन्हात बैलगाडीत घालून बोथले नेत होतो. सारा रस्ता एकच इचारे, दवाखाना किती दूर राह्यला. लेकरू आडवं आलतं. इथं चाक मोडलं, अन् इथंच गेली, लेकरू पोटात घेऊन. मग दुपारच्या पारी रस्त्यानं जाणाऱ्याले इचारत राहे. सासऱ्यानं सात खिळे ठोकले. गावात लेकरालेबी मालूम हाय, त्या झाडाखाली कोणी इचारलं तर बोलाचं नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी काऊन बोलले?"

तक्रारींची वही घेऊन मी त्या गावात दोनदा गेलो होतो. पण गाडीतून उतरायचा कंटाळा केला होता आणि 'काही हरकत नाही' असं स्वतःच लिहून टाकलं होतं. एकदा खाली उतरून विचारलं असतं, तर हे मला आधीच कळलं असतं.

तेवढ्यात राजकुमार हाका मारायला लागला. "साहेब, गाडी मागून दबून राह्यली. टायर तं ठीक हाय." आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. घरमालकीण होती. सुवर्णाला कळा सुरू झाल्या होत्या.

चार किलोमीटर मागे जाऊन सुवर्णाला घेतलं. मागचं दार उघडलं तर ती आत बसायच्या आधी थबकली, आणि मग अगदी खिडकीला चिकटून, अंग चोरून बसली.

"वहिनी, मधात बसा ना ऐसपैस," राजकुमार म्हणाला.

"जागा कुठे हाय?" सुवर्णा म्हणाली.

मी पुढे बसलो होतो, आरशात बघत. मागची सीट मोकळी होती. सुवर्णा कळांनी घामाघूम झाली होती, तरी तिचा उजवा हात मांडीवर हवेतच फिरत होता, कुणाचे तरी केस सारखे करावेत तसा. चिंच मागे गेली. तो नासल्या दुधाचा वास गाडीत भरला होता.

"थांब बाई," ती हळूच म्हणाली. "आलाच दवाखाना..."

"कोणाशी बोलतेस?"

ती माझ्याकडे बघून हसली. कळा देणारी बाई तशी हसत नाही.

बोथच्या दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, आणि मागच्या चाकांवरचे दबलेले स्प्रिंगचे पाटे करकन आवाज करून वर आले. सुवर्णा तेव्हा अजून आतच बसलेली होती. राजकुमारनं माझ्याकडे पाहिलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि रस्त्याला लागला. त्यानंतर तो कामावर आला नाही.

दिवस मावळताना आतून रडणं ऐकू आलं. एक... आणि त्यावर दुसरं, घोगरं. मी सिस्टरला विचारलं, जुळं आहे का? ती म्हणाली, "एकच आहे, मुलगी. अडीच किलोला जरा कमी, पण छान आहे." मी देवाला हात जोडले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी सगळं विसरलो होतो.

पाचव्या दिवशी खिळा झाडातून उपटून देवकाबाईकडे घेऊन गेलो. म्हटलं, पुन्हा ठोका, काय विधी असेल तो करा. तिनं खिळ्याला हातसुद्धा लावला नाही.

"ठोकाले काय लागते? पण ती झाडात हाय काय आता? तुमीच गाडीत बसवून नेली. तुमीच पोसा." आणि तिनं माझ्या तोंडावर दार लावलं.

अहवालात मी लिहिलं की चिंच तोडू नये, रस्ता तीन मीटर वळवावा. मंजूरही झालं. माझ्या हातून वाचलेलं पहिलं झाड, आणि तेही रिकामं.

पोरीचं वजन दर आठवड्याला उतरतंय. दूध भरपूर आहे, डॉक्टरांनी तपासलं. पावडरचं दूध बाटलीनं देऊन पाहिलं. बाटली रिकामी होते, पोरीचे ओठ मात्र कोरडेच असतात. भैंशाला सासूबाईंकडे नेलं, तिथेही तेच. मुलगी माझी आहे, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे. मी काही करू शकत नाही. खिळा अजून माझ्या खिशात आहे. कशात ठोकू?

थांबा... आता सुवर्णा बाजू बदलेल. रोज याच वेळेला बदलते. ऐका.

"झालं गं तुझं, सरक. आता रेणुकाच्या लेकीले घेऊ दे. चाळीस वर्सांची उपाशी हाय बिचारी."

बघा, आमची रडायला लागली. उपाशीच बाजूला ठेवते तिला. तुम्ही उठू नका, मी रोज जातो आत. सुवर्णाच्या मांडीवर नुसतं दुपटं असतं, मधे खोलगट दबलेलं.

आमची रडते आहे, ऐकू येतं ना तुम्हाला? आणि चुटुचुटु दूध ओढल्याचा आवाज अजून थांबलेला नाही.