पहिल्याचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा होता, काम एवढंच. आदल्या दुपारी घरासमोरच्या खांबावर वीज कोसळली होती. टीव्ही गेला, फ्रिज गेला, मीटर काळाठिक्कर पडला. त्याचं बायकोला काही नाही. हिला घाई कॉम्प्युटरची. "अहो, चला ना लवकर," सकाळपासून एकच धोशा.

मोटरसायकल काढली. मागे ही, आणि आमच्या दोघांच्या मध्ये कॉम्प्युटरचा तो पत्र्याचा डबा. खड्डा आला की बाई नवऱ्याचा खांदा धरते. हिनं डबा धरला.

तो डबा हिच्या पहिल्या नवऱ्याचा. तो वारला, मग हिचं माझ्याशी लग्न झालं, पण तो काही घरातून हलला नाही. अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं आपला आवाज त्यात भरून ठेवला होता. प्रेमाचं बिमाचं काही नाही. "फ्यूज उडाला तर आधी मेन बंद कर गं. गॅसची नळी बदलून घे. उन्हातून आलीस तर जरा बस, मग पाणी पी." असलंच सगळं. ही रोज दिवेलागणीला ते ऐकत बसायची. मी समोर जेवतोय आणि ही त्याला "हो" म्हणतेय. मेलेल्या माणसाला! ताटं भिरकावली मी. जिवंत असता तर कॉलर धरून बाहेर काढला असता. आवाजाची कॉलर कुठं धरणार?

दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं तसा वास आला. जळक्या रबराचा, आणि त्याच्याखाली केस करपल्यासारखा.

"वहिनी, प्लग काढला नव्हता का?"

"काढला होता. आभाळ गडगडलं की पहिलं तेच करते मी."

"आणि ही?" त्यानं मागच्या बाजूला वितळून चिकटलेलं वायरीचं टोक दाखवलं. "इंटरनेटची वायर. खांबावरून हिच्यातूनच आली वीज. प्लग सगळे काढतात, ही कुणाच्या ध्यानात राहत नाही."

ती वायर माझी. मॅच बघायला मीच घेतलेली. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"आतलं काही निघेल का हो?" तिनं त्याला विचारलं. "फोटो राहू द्या. आवाज तेवढा..."

"कोळसा झालाय, वहिनी. काही राहिलं नाही."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मेला एकदाचा, म्हटलं.

त्यानं आतलं सगळं जळकं काढून पिशवीत भरून दिलं. ती पिशवी मी दुकानाबाहेरच्या कचऱ्यात फेकली. ही म्हणाली, डबा तरी घरी नेऊ. म्हटलं, ने. रिकाम्या पत्र्याचं मला काय? येताना मुद्दाम खड्ड्यातून गाडी घातली. तरी हिनं डबाच धरला.

घरात लाईट नव्हती. संध्याकाळी पुन्हा ढग भरून आले. वारा पडला, आणि सकाळचा तो करपलेला वास घरभर पसरला. मी मागे जनावरांना चारा टाकत होतो. आतून घरघर ऐकू आली... कॉम्प्युटर चालू केला की त्याचा पंखा करायचा, तशी.

मग ही म्हणाली, "हो."

मी तसाच आत गेलो. मेणबत्ती लावलेली. ही टेबलाशी, डब्याला कान लावून. डब्याला वायर नाही. आत काही नाही, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. तरी आवाज येत होता. हळू, अगदी जवळून बोलल्यासारखा.

"दमलीस ना... पाठ अवघडली असेल गाडीवर. स्वयंपाक राहू दे आज..."

पहिल्याचा आवाज मला पाठ होता, नाकातला, संथ. हा तो नव्हता. हा जाडा, खरबरीत...

हा माझा होता.

मी हिच्याशी असं कधी बोललेलो नाही. आईशपथ, एकदाही नाही.

"अगं ए! मी इथं आहे!"

हिनं मान वळवली नाही. "हळू ना... तुम्ही बोलताय."

माझं डोकं फिरलं. डबा खाली ओढला आणि लाथ घातली. पत्रा चेमटला. घरघर थांबली. हुश्श म्हणतोय तोच खालून आवाज आला. माझाच.

"लागलं का रे पायाला?"

आणि ही हसली. आमच्या लग्नानंतर हिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी डबा विहिरीत टाकायला निघालो. ही दारात आडवी. "टाका. मीही येत नाही मग परत." आवाज चढवला नाही, काही नाही. मी डबा जागेवर ठेवला. काय करणार? बाई जाईल हो घरातून.

आता ऊन असलं की घर माझं. ढग आले की ही टेबलाशी जाऊन बसते. पहिल्याचं नावही काढत नाही. माझ्याच आवाजाशी बोलते, लाजते, आणि मी उंबऱ्यावर बसून जळतो. पहिल्यावर जळायचो ते परवडलं, निदान तो दुसरा माणूस होता.

काल दुपारी अंधारून आलं. हिनं दोन कप चहा केला. एक स्वतःपुढे ठेवला, एक डब्यापुढे. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "असू द्या. तुमचाच आहे."

मी रागानं बाहेर येऊन बसलो. पाण्याचा घोट घेतला नव्हता सकाळपासून. आतून त्यांची कुजबुज चाललेली... मग हिचं हसू... मग बराच वेळ काहीच नाही.

ढग पांगल्यावर आत गेलो. डब्यापुढचा कप रिकामा होता.

आणि माझ्या तोंडात... चहाची गोडी होती.